महामार्गात शिरायचं कसं?

आता प्रश्न असा, की रॅम्पवरून येणाऱ्या गाडीला जागा कोणी द्यायची? 1963 मध्ये शिकागोच्या आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर साधा उपाय झाला : गाड्या रॅम्पवरच थोपवायच्या आणि थोड्याथोड्या सोडायच्या.

पुढे 1997 च्या ऑगस्टमध्ये सॅन दिएगोजवळ आठ ब्यूइक गाड्या एकामागोमाग आपोआप धावल्या. रस्त्यात चुंबकं पुरलेली, गाड्या रेडिओवरून एकमेकींशी बोलत होत्या. दोन गाड्यांमधलं अंतर जेमतेम साडेसहा मीटर! पण एवढ्याशा फटीत बाहेरची गाडी शिरणार कशी?

जपानी संशोधकांनी युक्ती काढली. रॅम्पवरची गाडी अजून बाहेरच आहे, पण ती मुख्य रांगेत आलीच आहे असं धरायचं. मागची गाडी त्या काल्पनिक गाडीमागे अंतर राखते. खरी गाडी पोचेपर्यंत जागा तयार! 2000 साली त्सुकुबामध्ये पाच गाड्यांनी हे करून दाखवलं.

मात्र लक्षात घ्या, तिथे पाचही गाड्या बोलणाऱ्या होत्या. खऱ्या रस्त्यावर मधे एक जुनी, मुकी गाडी आली, की हा हिशेब कोलमडतो. म्हणजे युक्ती सापडली. सगळ्यांना एका भाषेत बोलतं करणं मात्र अजून बाकी आहे.