सुरक्षा-बोल्ट, सायकलीचे

सायकलीची चाके, बैठक, बैठकीचा दांडा, हँडल इत्यादी सुटे होऊ शकणारे भाग चौकटीस जखडून ठेवण्यासाठी वापरण्यात येणारे, बाजारात सर्रास मिळणाऱ्या पान्याला दाद न देणारे आणि केवळ आपल्या जोडीच्या किल्लीनेच सैल होणारे बोल्ट, नट व आरपार सळया यांस ही संज्ञा लावतात. कुलूप आणि सुरक्षा-बोल्ट यांची कामे भिन्न आहेत. कुलपाने सायकल जागेवर राहते, बोल्टाने सायकलीचे भाग सायकलीवर राहतात. एकाच्या उणिवेची भरपाई दुसऱ्याने होत नाही. (कुलपांच्या प्रकारांसाठी ‘कुलूप’ ही नोंद पहावी.)

पूर्वपीठिका : चाकाचा आस चौकटीच्या खाचेत नटाने आवळावा ही रीत जुनी असून, ज्याच्यापाशी पाना नाही त्याला चाक काढता येत नाही एवढीच सुरक्षितता दीर्घकाळ पुरेशी समजली जात होती. तिला पहिला धक्का बसला तो चोरांकडून नव्हे, तर शर्यतपटूंकडून. रस्त्यावरील शर्यतींत वाटेत चाक काढण्याचा प्रसंग वारंवार येई. केवळ टायर फुटे म्हणून नव्हे, तर त्या काळी मागील चाकाच्या दोन बाजूंस निरनिराळ्या दात्यांची चक्रे बसवीत आणि चढ लागला की स्वार खाली उतरून चाक काढी, ते उलटे फिरवी व पुन्हा बसवी, यासाठी. याकरिता बोटांनी फिरविता येण्याजोगे दोन पंखांचे नट प्रचारात आले. इटालियन शर्यतपटू तुल्लिओ काम्पान्योलो हा उत्तर इटलीतील क्रोचे दाउने या खिंडीत बर्फवृष्टीत सापडला असता गारठलेल्या बोटांनी त्याला हे नट फिरविता आले नाहीत, आणि त्या मनस्तापातून त्याला शीघ्रमोचक सळईची कल्पना सुचली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. या प्रसंगाचे वर्ष कोठे १९२४, तर कोठे १९२७ असे दिलेले आढळते. सळईच्या एकस्वाची मिती सामान्यतः १९३० च्या सुमाराची सांगतात, परंतु तिच्याविषयीही इतिहासकारांत एकवाक्यता नाही. १९३३ मध्ये काम्पान्योलोने विचेन्झा येथे कारखाना काढला, याविषयी मात्र वाद नाही.

या सळईची रचना मोठी चतुराईची आहे. आस पोकळ करून त्यातून सुमारे ५ मिलिमीटर व्यासाची पोलादी सळई आरपार घातलेली असते. तिच्या एका टोकास साधा नट, तर दुसऱ्या टोकास विकेंद्री कॅमवर फिरणारी मूठ असते. मूठ अर्धा फेरा उलटविली की कॅम सळईला आपल्याकडे ओढतो व खाचेची दोन्ही पाखे आसावर घट्ट दाबली जातात. पुन्हा उलट फिरविली की दाब नाहीसा होतो आणि चाक हातात येते. साऱ्या व्यवहारास काही सेकंद पुरतात, आणि ते सेकंद स्वाराचे आहेत की दुसऱ्याच कोणा इसमाचे याची विचारपूस कॅम करीत नाही. शर्यतीच्या सायकलीभोवती माणसे असतात, ती रात्री घरात असते, म्हणून तेथे हा दोष जाणवला नाही. १९७० नंतर अमेरिकेत गियरच्या सायकलींची लाट आली, पुढील दशकात डोंगरी सायकली निघाल्या, आणि हीच सळई कचेरीच्या दारात व रेल्वेस्थानकाबाहेर दिवसभर उभ्या राहणाऱ्या सायकलींत शिरली. डोंगरी सायकलींनी तर उतारावर बैठक खाली करण्याच्या सोयीसाठी बैठकीच्या दांड्यासही तसलीच मूठ दिली. डोंगर कधीही न पाहिलेल्या सायकलींच्या बैठका त्यामुळे नाहीशा होऊ लागल्या. सुरक्षा-बोल्टांचा सारा उद्योग या सोयीच्या अतिप्रसारातून उद्भवला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रकार : (१) सर्वांत साधा प्रकार म्हणजे मुठीऐवजी षट्कोनी खाचेचे डोके असलेली सळई. १९१० च्या सुमारास अमेरिकेत प्रसृत झालेली ॲलन किल्ली आज प्रत्येक सायकलस्वाराच्या थैलीत असल्याने या सळईने केवळ वाटसरू चोर थांबतो. पंचकोनी खाच, किंवा मध्ये खुंटी असलेली सहा पाकळ्यांची खाच, हा तिचाच विस्तार होय. सहा पाकळ्यांची टॉर्क्स ही खाच १९६७ मधील; तिचे खुंटीवाले रूप एके काळी दुर्मिळ होते, आता त्याच्या पेचकस-संचाला फार पैसे पडत नाहीत. विचित्र आकारावर विसंबलेली सुरक्षितता त्या आकाराचे हत्यार महाग असेपर्यंतच टिकते.

(२) दुसऱ्या वर्गात प्रत्येक संचास स्वतंत्र आकाराची, सांकेतिक क्रमांकाची किल्ली असते. मोटारगाड्यांच्या चाकांसाठी अशी वळणदार खोबणीची डोकी आधीपासून रूढ होती. पिनहेड, जर्मन बनावटीचा पिटलॉक, इंग्लंडातील ॲटॉमिक २२ इत्यादी संच हे तत्त्व सायकलीस लावतात. येथे खरे महत्त्व किल्लीच्या नक्षीला नसून डोक्याच्या बाह्य घडणीला आहे, ही गोष्ट वर्णनपत्रिकांत क्वचितच नीट मांडलेली असते. चोर किल्ली बनवीत बसत नाही. तो पक्कडीने डोके बाहेरून धरतो आणि पिळतो. सबब चांगल्या बोल्टाचे डोके गुळगुळीत व निमुळते असते, किंवा त्याभोवती एक स्वैर फिरणारे कडे असते, जेणेकरून पक्कड आवळली तरी कडे तेवढे गरगर फिरते आणि आतील आटे जागचे हलत नाहीत. लेथवर हे कडे बसविताना ते सैल फिरेल, परंतु त्याच्या फटीत छिन्नी शिरणार नाही, असे अंतर राखावे लागते. कारागिराची परीक्षा तेथेच होते. ज्या बोल्टाचे डोके बोटांच्या चिमटीत सरळ कडांचे लागते, त्याची किल्ली कितीही गूढ असली तरी तो या वर्गात मोडत नाही, असे खुशाल समजावे.

(३) तिसरा वर्ग गुरुत्वाकर्षी नटांचा. आबुस कंपनीचा नटफिक्स व क्रिप्टोनाइट कंपनीचा व्हीलनट्झ ही याची उदाहरणे होत. सायकल उभी असताना नटावरील टोपणाचा आतील अडसर स्ववजनाने खाली पडून टोपण अडवितो. सायकल आडवी केली की अडसर सरतो व टोपण निघते. खांबाला नीट जखडलेली सायकल आडवी करता येत नाही, या एका गृहीतावर ही सारी योजना उभी आहे. किल्ली सांभाळण्याची दगदग नाही हा तिचा मोठा गुण. मात्र लांब साखळीने बांधलेली सायकल कोणालाही कलंडविता येते, आणि तेथे हे नट निरुपयोगी होतात.

(४) बर्लिन येथील हेक्सलॉक्स या बनावटीत बोल्ट बदलावाच लागत नाही. मूळ बोल्टाच्या षट्कोनी खाचेत एक छोटी चुंबकयुक्त गुटिका बसवितात. ती आत अडकून राहते व जुळणाऱ्या किल्लीनेच बाहेर येते. बोल्ट पोलादी असणे अर्थातच आवश्यक असून टायटॅनियम वा ॲल्युमिनियमच्या बोल्टांस निराळी तजवीज लागते. अलीकडील सायकलींत पोकळ आस व सळई यांच्या जागी १२ किंवा १५ मिलिमीटर व्यासाचा एकसंध आरपार आस येऊ लागला आहे. त्याच्या षट्कोनी खाचेस हा उपाय विशेष सोयीचा पडतो.

घरगुती उपाय : ॲलन बोल्टाच्या खाचेत पोलादी छर्रा ठोकून वरून मेण किंवा सरस ओतणे हा उपाय फार प्रचलित आहे. सायकल-दुकानात सुटा मिळणारा ३/१६ इंची छर्रा (४·७६ मिमी.) ५ मिलिमीटरच्या खाचेत, आणि ५/३२ इंची छर्रा (३·९७ मिमी.) ४ मिलिमीटरच्या खाचेत जवळजवळ बेमालूम बसतो. मेण तापवून व चुंबक लावून तो परत काढता येतो. सरस ओतला असेल तर मालकालाच घाम फुटतो. बैठकीसाठी सायकलीची जुनी साखळी जुन्या ट्यूबमध्ये घालून ती बैठकीच्या कांबी व चौकट यांभोवती वळवितात आणि कडी जोडून कायमची बंद करतात. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीच्या चामडी बैठका चोरांच्या विशेष मर्जीतल्या असल्याने, पाश्चात्त्य शहरांत अशी साखळी बहुधा त्यांच्याखालीच दिसते.

मर्यादा : सुरक्षा-बोल्ट चाकाला चौकटीशी बांधतो, चौकटच उचलून नेली तर चाके तिच्याबरोबर जातात. म्हणून चौकट अचल वस्तूला जखडणे आवश्यकच राहते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये कसबी यांत्रिक म्हणून गाजलेल्या शेल्डन ब्राउन (मृत्यू २००८) याने मागील त्रिकोणाच्या आत मागच्या रिमभोवती यू-कुलूप घातले की चौकट व मागील चाक दोन्ही सुरक्षित होतात, कारण चाक त्या त्रिकोणातून बाहेर येऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले. रिम करवतीने कापता येते असा त्यावर आक्षेप घेतला जातो, तर आऱ्यांच्या ताणामुळे कापताना रिम पात्यावर आवळते असे त्याचे उत्तर आहे. ही पद्धत मान्य केली तर सुरक्षा-बोल्टाची निकड पुढील चाक, बैठक व हँडल एवढ्यांपुरतीच उरते. विजेरीवर चालणाऱ्या कापयंत्रापुढे कोणताच बोल्ट टिकत नाही.

किंमत : विदेशी बनावटीच्या पूर्ण संचाचे मोल भारतीय साध्या सायकलीच्या किमतीच्या आसपास जाते.

भारतातील स्थिती : भारतातील काळ्या, २८ × १½ इंची चाकांच्या सायकलीस या बोल्टांची गरज भासली नाही. मुंबईतील हिंद सायकल्स (१९३९), मद्रासजवळील टी. आय. सायकल्स (१९४९), लुधियान्याची हीरो (१९५६) इत्यादी कारखान्यांच्या सायकलींत आस भरीव व नट साधे असत आणि मागील चाकाच्या आऱ्यांतून सरकणारे गोल कुलूप बहुधा चौकटीवरच बसविलेले असे. चाके नटांनी आवळलेली असली तरी पाना हाती असलेल्यास ती काढता येत. परंतु ज्याच्या-त्याच्या सायकलीला तीच चाके असल्याने त्यांच्या चोरीत फारसा नफा नव्हता. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात जात असे ते डायनॅमो, दिवा, घंटी व हवेचा पंप. गेल्या दोन दशकांत गियरच्या सायकली रूढ झाल्या तसा शीघ्रमोचक सळयांचा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या आवारांतही आला आहे.

विधी : नगरपालिका पूर्वी सायकलकर घेऊन धातूचा बिल्ला देत, तो चौकटीला लावीत. कारखान्याचा क्रमांकही चौकटीवरच कोरलेला असतो. चाकावर, बैठकीवर किंवा हँडलवर असा क्रमांक सहसा नसतो, आणि म्हणून फिर्याद नोंदली गेली तरी सापडलेला मुद्देमाल फिर्यादीचाच आहे हे पंचनाम्यात सिद्ध करणे कठीण जाते. भारतीय न्याय संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून अंमल) कलम ३०३ अन्वये, चोरीच्या मालाचे मूल्य ५,००० रुपयांपेक्षा कमी असून गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल व त्याने माल किंवा त्याचे मूल्य परत केले असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. सायकलीचे बहुतेक सुटे भाग या मर्यादेच्या आतच पडतात.

निगा : बसविताना आट्यांना ग्रीस लावावे. कोकणच्या पावसात साध्या पोलादी बोल्टाची खाच गंजून किल्ली बसेनाशी होते, आणि गुरुत्वाकर्षी नटांत चिखल गेल्यास अडसर अडकतो. दोहोंचीही पावसाळ्याआधी व नंतर सफाई करावी. भरीव आसाच्या नटांना सुमारे ३० ते ४५ न्यूटन-मीटर इतका पीळ देण्याची प्रथा आहे. सुरक्षा-नटांसाठी निर्मात्याने दिलेला आकडाच पाळावा. वाटेत पंक्चर झाल्यास चाक काढण्यासाठी किल्ली लागतेच, म्हणून ती सायकलीबरोबर हवी, परंतु सायकलीवर टांगलेली नको. संचासोबत येणारा सांकेतिक क्रमांक उतरवून घरी दप्तरात ठेवावा. किल्ली हरविल्यास त्याच क्रमांकावरून निर्मात्याकडून दुसरी मागविता येते; क्रमांकही हरविला तर बोल्टात भोक पाडून तो नष्ट करण्यावाचून गत्यंतर नसते.