सज्ज्याचे खांब

ठाण्याच्या किंवा कल्याणच्या जुन्या वस्तींत लांकडी सज्ज्याचें एखादें घर अजून उभें असेल, तर त्याची प्रकृति खांबाच्या पायथ्याशीं पाहावी. वरचें लांकूड खणखणीत वाजतें. दगडी उथळ्यापासून वीतभर मात्र बोट रुतावें इतकें मऊ झालेलें असतें.

सागाला येथें तोटा नव्हता. मागें शहापूर-मुरबाडचीं रानें, पुढें उल्हासची खाडी; १६५७ मध्यें कल्याण घेतल्यावर शिवाजीमहाराजांनीं जहाजबांधणी येथें आरंभिली, तींतही ही सोय होतीच. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाहीं. पण आळीपाळीनें भिजणें व सुकणें त्यालाही सोसत नाहीं. वर्षास सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस, आणि पाणी मुरतें तें खांबाच्या बुडांत व तुळईच्या भिंतींत शिरलेल्या टोकांत. जाणता सुतार आधीं टेकू देऊन भार उतरवितो, निरोगी लांकूड लागेपर्यंत कुजका भाग कापतो, तिरक्या सांध्यानें नवा तुकडा बसवून खुंट्या ठोकतो आणि उथळें जरा उंच करतो. वरून सिमेंट लिंपणें ही दुरुस्ती नव्हे. आंतलें पाणी त्यानें कोंडतें, एवढेंच.

वाड्यांत एकच कुटुंब नांदे तोंवर हें काम घरधनी पावसाआधीं उरकून घेई. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली, १८५४ मध्यें कल्याणास. पुढें मुंबईच्या नोकरदारांस खोल्या हव्या झाल्या, आणि वाऱ्यासाठीं काढलेला सज्जा बिऱ्हाडांची वाट बनला. त्यावर पाण्याचीं पिंपें आलीं, मोऱ्या आल्या.

१९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें प्रमाण ठरविलें. भाडेकरूस तो मोठाच आधार होता. परंतु सागाचा भाव कोणी बांधला नव्हता. १९९९ चा कायदाही दुरुस्तीचा भार मालकावरच ठेवतो. त्यानें टाळल्यास भाडेकरूनें पंधरा दिवसांची नोटीस देऊन काम करावें व खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षां अधिक नाहीं. जुन्या भाड्याच्या चौथाईंत खांब तर राहोच, टेकूही येत नाहीं. मुंबई बेटावर १९६९ च्या कायद्यानें उपकर घेऊन दुरुस्ती करणारें मंडळ आलें; त्याची हद्द ठाण्यापर्यंत पोंचत नाहीं.

पावसाळ्यापूर्वीं महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. राहणारा मात्र घर सोडीत नाहीं, कारण सोडलेली खोली परत मिळण्याची त्याला खात्री नसते. मग बिऱ्हाडें वर्गणी काढतात, सुतार येतो, सज्ज्याखालीं टेकू लागतात. आणि खांब दिवाळीनंतर बदलावयाचा, असें ठरतें.