नमुना कुठे ठेवलाय?

ऑक्टोबर 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. त्यानंतर नगरमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटवर नाव बदलायचं काम माझ्याकडे आलं. बोनाफाईडची टेम्प्लेट फाइल उघडली, नाव बदललं, सर्व्हर पुन्हा सुरू केला. दाखल्यावर नाव जुनंच! पुन्हा केलं, तरी जुनंच. मग कळलं, त्याच नावाची आणखी एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये होती. मी एक फाइल सुधारत होतो आणि वेबसाइट दुसरीच वाचत होती.

टेम्प्लेट म्हणजे नमुना. हा शब्द आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. साताव्यात जमीन कोणाची ते, बाराव्यात पीक कोणतं ते. फेरफाराची नोंद सहाव्यात, खातेदाराचं एकूण क्षेत्र आठ-अ मध्ये. तलाठ्याच्या दप्तरात असे एक ते एकवीस नमुने. प्रत्येकाला क्रमांक आहे, म्हणून कोणता कागद कुठे शोधायचा हे नव्याने रुजू झालेल्या तलाठ्यालाही कळतं.

वेबला ही शिस्त उशिरा आली. नव्वदच्या दशकात प्रोग्रॅमच ओळीमागून ओळ एचटीएमएल छापायचा. 1995 मध्ये आलेल्या पीएचपीत मजकूर आणि कोड एकाच फाइलमध्ये नांदू लागले. शीर्षकातला एक शब्द बदलायलाही कोडमध्ये हात घालावा लागे. पुढे फ्रेमवर्क आली, 2004 मध्ये रेल्स आणि 2005 मध्ये जँगो. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या वेब विभागात झाला. तिथे बातमीची घाई रोजची. पानाची मांडणी करणाऱ्याला पायथन न शिकता पान बदलता यावं, म्हणून टेम्प्लेट वेगळी काढली.

पण वेगळी काढली की ती शोधावी लागते. जँगो आधी सेटिंगमध्ये दिलेल्या फोल्डरांत बघतं, मग एकेका ॲपच्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरमध्ये, ॲप ज्या क्रमाने नोंदवली आहेत त्या क्रमाने. पहिली सापडली की शोध संपला. मागे तशीच दुसरी असली तरी तिला कोणी विचारत नाही. माझं नेमकं हेच झालं होतं. फाइल कुठेच नसेल तर जँगो निदान कुठेकुठे शोधलं त्याची यादी दाखवतं. चुकीची सापडली तर मात्र ते गप्प बसतं. म्हणूनच ॲपच्या नावाचा आणखी एक फोल्डर आत करून टेम्प्लेट त्यात ठेवायची रीत पडली. आपल्याकडे नमुन्याला क्रमांक असतो, तसंच.

तेव्हा नाव बदलण्याआधी उपलब्ध टेम्प्लेटची यादी काढायला हवी होती. फ्लास्क ज्या जिंजावर चालतं, त्यात अशी यादी देणारी सोय तयार आहे. जँगोत सगळे फोल्डर गोळा करून आपणच फिरावं लागतं. मी फिरलो. दाखला, पावती, ईमेल, पानाचा तळ, सगळीकडे जिल्ह्याचं नाव ठोकून बसवलेलं.

तेव्हा खरी चूक दिसली. गाव नमुन्यावर गाव आणि तालुका यांच्यासाठी मोकळी जागा असते, नाव नंतर भरलं जातं. आम्ही बदलू शकणारी गोष्ट नमुन्यातच छापून टाकली होती. आता नाव एकाच ठिकाणी आहे आणि प्रत्येक टेम्प्लेटमध्ये त्याच्यासाठी रिकामी जागा.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. 2019 मध्ये दिलेल्या दाखल्यांच्या प्रतींवर अहमदनगरच राहिलं. नमुना पुढच्या कागदासाठी असतो. दिलेला कागद ही नोंद असते, आणि मुलाच्या हातातल्या कागदाशी आमच्याकडची नोंद जुळली नाही, तर खेटे त्यालाच घालावे लागतात.