मुक्कामी गाडीतला डबा

१९७९ साली दहावी होऊन मी परभणीला अकरावीला आलो, तेव्हा एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि दोन डबे घेऊन आलो. दोन अशासाठी, की एक माझ्याकडं असताना दुसरा गावी भरायला लागायचा. गाव जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अलीकडं. रात्री मुक्कामाला थांबलेली एसटी पहाटे निघायची. त्याआधी आईनं भाकरी थापलेल्या असायच्या. ज्वारीच्या चार भाकरी, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, वरून फडक्याची गच्च गाठ. झाकणावर ऑइलपेंटनं माझं नाव. दादा डबा ड्रायव्हरच्या शेजारी ठेवायचे आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभे राहायचे.

परभणीच्या स्टँडवर आम्ही पंधरा-वीस पोरं गाडीची वाट बघत असायचो. गाडी चुकली तर दिवसभर उपास. ड्रायव्हरनं डब्याचा एक पैसा कधी घेतला नाही.

शिकायला घर सोडणं आमच्या जिल्ह्याला जुनंच. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण म्हणजे हैदराबाद. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, पण तिथं शिकवणं उर्दूतून. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज १९०० पासून सेलू, परभणी, पूर्णा या स्टेशनांवरून धावत होती. ज्याच्या घरी ऐपत, त्याचं पोर तीत बसायचं. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यातल्या अनेकांना जागा दिली.

आणि ज्यांना ऐपत नव्हती? सातोन्याचे बी. रघुनाथ घ्या. एवढा मोठा कवी, कादंबरीकार. पण परिस्थितीमुळं शिक्षण मॅट्रिकवर थांबलं आणि बांधकाम खात्यात कारकुनी करावी लागली. ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करता करताच ते गेले. वय अवघं चाळीस. शिक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी केली मी. वर्गातलं हुशार पोर बारावीनंतर शेतात किंवा दुकानात गेलं की मला हेच आठवायचं.

पोलीस कारवाईनं निजामाचं राज्य गेल्यावर शिक्षणाची दारं भराभर उघडली. १९५० ला नांदेडात पीपल्स कॉलेज, त्याच वर्षी औरंगाबादेत बाबासाहेबांचं मिलिंद. १९५६ ला परभणीत कृषी महाविद्यालय, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, १९७२ ला परभणीतच कृषी विद्यापीठ. पण कॉलेज शहरात आणि पोर खेड्यात. मधलं अंतर पुस्तकानं तुटत नव्हतं. ते तुटलं वर्षभर रोज पहाटे उठणाऱ्या आयांमुळं आणि एसटीमुळं.

डब्यातून नुसती भाकरी जायची नाही. रिकामा डबा गावी परतायचा त्यात माझी चिठ्ठी असायची. एकदा लिहिलं : फीच्या सवलतीचा फॉर्म भरायचा आहे, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला लागतो. चौथ्या दिवशी दाखला भाकरीच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळून आला. तरी तेल लागलंच. एका कचेरीतल्या कारकुनानं तो डाग बघून कागद परत केला. मी रडकुंडीला आलो. आमच्या गणिताच्या सरांनी मला सायकलवर मागं बसवलं, स्वतः कचेरीत गेले, फॉर्म पुन्हा भरला आणि दाखल्यावर कोऱ्या कागदाची घडी घालून हातात दिला. म्हणाले, ‘‘डाग आईच्या हाताचा आहे, लपवू नको. पण पुढच्या वेळी दोन नकला काढून ठेव.’’ पुढं शिक्षक झाल्यावर दर जूनमध्ये पोरांच्या दाखल्यांच्या दोन-दोन नकला मी माझ्या कपाटात ठेवल्या. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी, टीसी. परीक्षेत मार्क पडूनही कागदापायी प्रवेश गेलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या बापांना तोंड दाखवणं फार कठीण असतं.

आता परभणीत सरकारी मेडिकल कॉलेजही आलं, २०२३ ला. तरी नीटच्या तयारीसाठी ज्यांना जमतं ती पोरं लातूरला जातातच. तिथं मेस असते, खोली असते, आणि पैशांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

निवृत्तीनंतरही जूनमध्ये माझ्या ओसरीवर माणसं येतात. यंदा येलदरीकडची एक बाई आली, मुलीला सायन्सला परभणीत घालायचं म्हणून. तासभर मी कागद, शिष्यवृत्ती, वसतिगृहाची यादी, सगळं सांगत होतो. तिनं नीट ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि विचारलं, ‘‘सर, डबा कोणत्या गाडीला द्यावा?’’