अट आणि आसरा : ‘अशी ही बनवाबनवी’चा एक ऐतिहासिक संदर्भ

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट निखळ प्रहसन म्हणून ओळखला जातो. या वर्गीकरणात त्याच्या कथाबीजामागील इतिहास मात्र झाकला जातो. कसबा पेठेतील वाड्यांकडे पाहिले म्हणजे तो स्पष्ट होतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीला बांधले. मालकाला डागडुजी परवडेना. जुना भाडेकरू खोली सोडेना. १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या वस्तीची आणखी पडझड केली. शिक्षणासाठी येणाऱ्या तरुणाच्या वाट्याला उरल्या त्या सामायिक खोल्या आणि मालकाच्या अटी.

चित्रपटातील लीलाबाई काळभोरांचे घर कसब्यातले नव्हे, पडकेही नव्हे. परंतु त्यांच्या अटीला धार आहे ती याच टंचाईची. जागा केवळ विवाहितांना, म्हणून सुधीर आणि परशुराम स्त्रीवेष घेतात. आधारभूत ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाचे शीर्षकच ही सांगड उघड करते. छपरासाठी स्वत्व गहाण टाकण्याची ही कल्पना वस्तुतः ब्लॅक कॉमेडीची आहे. तिची परिणती मात्र तशी होत नाही. सोंग उघडे पडते, जोड्या जुळतात, क्षमा मिळते. अविवाहितांना नाकारणारी अट तेवढी अबाधित राहते. व्यवस्थेला हसता हसता तिच्याच अटीवर आसरा मिळवणे, ही या विनोदाची मर्यादा होय. आणि त्याच्या लोकप्रियतेचे एक कारणही तेच असावे.