तारखेनुसार उतरणारी किंमत : बोस्टन येथील फायलीन तळघराचा इतिहास

तयार कपड्यांचा व्यापार ऋतूशी बांधलेला असतो. हिवाळ्यासाठी मागविलेला लोकरी कोट वसंत ऋतूत विटत नाही. त्याचे गिऱ्हाईक मात्र नाहीसे होते. म्हणून हंगामाच्या प्रारंभी चढी किंमत व अखेरीस सवलत असा क्रम या व्यवसायात आढळून येतो. सवलत केव्हा व किती द्यावयाची हे सामान्यतः दुकानदार ठरवितो. प्रस्तुत लेखातील उदाहरण यास अपवाद होय.

अमेरिकेतील बोस्टन शहरात एडवर्ड फायलीन यांनी १९०९ मध्ये आपल्या दुकानाच्या तळघरात 'स्वयंचलित' सवलतीचा विभाग सुरू केला. माल मांडल्यापासून विक्रीचे १२ दिवस उलटताच किमतीत २५ टक्के, १८ दिवसांनंतर ५० टक्के व २४ दिवसांनंतर ७५ टक्के घट होई. ३० दिवसांनंतर उरलेला माल धर्मादाय संस्थांना दिला जाई.

ग्राहकाची यात मोठी कुचंबणा होई. थांबावे तर तोच कोट दुसरा नेणार. आज घ्यावा तर पुढील सवलत हुकणार. काही चतुर मंडळी पसंतीचा कपडा भलत्याच ढिगात दडवून ठेवीत व किंमत उतरल्यावर परत येत!

दुकानदारास मागणीचा नेमका अंदाज नसतो आणि उतरत्या किमतीतून तो ती शोधीत जातो, असे विवेचन एडवर्ड लेझिअर यांनी १९८६ मध्ये केले. फायलीन यांनी हे अज्ञान पाऊण शतक आधीच गृहीत धरले होते. बोस्टनचे मूळ तळघर २००७ मध्ये बंद झाले.