तुरीचा मर रोग व बीजप्रक्रिया (बीड जिल्हा)

तुरीचा मर हा 'फ्युजेरियम उडम' या जमिनीत वास करणाऱ्या बुरशीमुळे होणारा रोग आहे. बीड जिल्ह्यासह मराठवाड्यातील कोरडवाहू तुरीचा तो जुना शत्रू मानला जातो. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. जे. बटलर यांनी १९१० मध्ये या बुरशीचे वर्णन करून तिला हे नाव दिले.

बुरशी मुळांवाटे शिरून जलवाहिन्या बंद करते. त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड सुकते. बुंध्यापासून वर चढणारा तपकिरी-जांभळा पट्टा व साल काढल्यावर दिसणाऱ्या काळ्या रेषा ही रोगाची खूण होय. लागण रोपावस्थेतही होते. परंतु झाडे बहुधा फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना वाळतात, म्हणजे शेतकऱ्याचा बहुतेक खर्च होऊन गेल्यावर.

== बुरशीनाशकांचा परिणाम ==
भाताच्या रोपवाटिकेत माती थोडी असल्याने हायमेक्साझोलसारखे बुरशीनाशक थेट मातीत देता येते. तुरीच्या विस्तीर्ण शेतात ते परवडत नाही. म्हणून औषध बियाण्यालाच चोळतात. एक किलो बियाण्यास थायरम २ ग्रॅम व कार्बेन्डाझिम १ ग्रॅम असे प्रमाण सामान्यतः शिफारशीत आढळते. यामुळे उगवण सुधारते आणि कोवळी रोपे कुजण्यापासून वाचतात. मात्र हे संरक्षण सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतेच असते, आणि तूर शेतात पाच-सहा महिने उभी असते.

औषधाला शत्रू-मित्र कळत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. थायरम मुळांवर गाठी धरणाऱ्या रायझोबियम जिवाणूंना अपायकारक ठरू शकते, तर कार्बेन्डाझिम उपयुक्त ट्रायकोडर्मा बुरशीलाही मारते. म्हणून आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक व पेरणीच्या अगदी तोंडावर जिवाणू खत, असा क्रम पाळतात. ट्रायकोडर्मा वापरायचे असल्यास ते कार्बेन्डाझिमसोबत न चोळता कुजलेल्या शेणखतातून जमिनीत देणे श्रेयस्कर. औषध चोळून उरलेले बियाणे डाळीसाठी वा जनावरांना वापरू नये.

== वाण व फेरपालट ==
बुरशी धसकटांवर सुमारे तीन वर्षे तग धरते. त्यामुळे त्याच शेतात पुन्हा तूर घेणे धोक्याचे असते. ज्वारीच्या आंतरपिकाने मर कमी होतो, असे आढळले आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील बदनापूर कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले बीएसएमआर ७३६ (लाल) व बीएसएमआर ८५३ (पांढरा) हे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहेत.

== बंदी ==
कार्बेन्डाझिमच्या कुळातील बेनोमिल आणि पारायुक्त मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड यांवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातली.